शेवटी पोचणाऱ्याचा मान

हॉर्न वाजला आणि परातीतून गहू सांडावेत तशा मेंढ्या रस्ताभर सांडल्या.

सालकिननं घोडा वळवला. मागच्या वळणावर एक निळा ट्रक उभा होता. त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी तंबूच्या लाल काठ्या, लोकरीच्या नमद्यांच्या वळकट्या, लोखंडी चूल, आणि त्या सगळ्याच्या माथ्यावर एका खुराड्यात दोन कोंबड्या. चालवणाऱ्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं.

"ओ बाई! रस्ता काय तुमच्या वडिलांचा आहे?"

"नाही," सालकिन म्हणाली. "मेंढ्यांच्या वडिलांचा. तुमचा ट्रक जन्माला यायच्या आधीपासूनचा."

पुढे चाललेली तिची जेंगे, म्हणजे थोरल्या भावाची बायको दामिरा, खिंकाळल्यासारखी हसली. तो तरुणही हसला असता, पण त्यानं ते हसू ओठात दाबलं. उन्हानं रापलेला चेहरा, भुवईवर एक जुना व्रण, आणि डोळे असे की जणू पुढच्या वळणावर आधीच जाऊन पोचलेत.

सालकिन घोड्यावरून उतरली. हॉर्नच्या दचक्यानं एक कोकरू रस्त्याकडेच्या चरात पडलं होतं. काळं अंग, कपाळावर पांढरा ठिपका. तिनं ते उचललं, दुखावलेला पाय चाचपला, आणि सरळ ट्रकच्या खिडकीपाशी आली.

"हे धरा."

"मी?"

"हात रिकामेच आहेत की. हॉर्न वाजवून झालाय ना?"

"अहो, मला आज अजून दोन खेपा..."

"थांबा! आधी हात पुसा. डिझेलचा वास लागला तर आई त्याला जवळ घ्यायची नाही."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कोकराकडे. मग शर्टाच्या आतल्या बाजूला हात खसाखसा पुसले आणि कोकरू मांडीवर घेतलं. इंजिन बंद झालं. आणि ते बंद झाल्याबरोबर सगळीकडून आवाज आले. खुरांचे, ओढ्याचे, मेंढ्यांच्या बें-बेंचे, वाऱ्याचे.

शेवटची मेंढी पुढे गेली तेव्हा सालकिन परत आली. कोकरू त्याच्या कोपराच्या बेचक्यात नाक खुपसून झोपलं होतं. ते काढून घेताना लोकरीत तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. दोघांनीही ती चटकन काढली नाहीत... म्हणजे, कोकरू जागं होऊ नये म्हणून.

"केवढा वेळ गेला माझा," तो म्हणाला, पण हळू आवाजात.

"गेला कुठे? तुमच्या मांडीवरच तर होता."

ट्रक धूळ उडवत वर गेला. दामिरा घोडा जवळ घेऊन आली.

"कुबात त्याचं नाव. सारी-बुलाकच्या कुरणावर सगळ्यांचं सामान तोच पोचवतो. अविवाहित आहे."

"मी विचारलं?"

"नाही. पण तुझे कान विचारत होते. लाल झालेत."

सालकिननं रुमाल कानांवर ओढला.

त्या वसंतात तेरेकसू गावातून पायी निघालेला हा एकच कळप होता. बाकीचे सगळे मेंढ्यांसकट ट्रकमध्ये बसून सकाळच्या चहाला गावात आणि दुपारच्या चहाला कुरणावर असायचे. पायी जायचं तर चार-पाच दिवस. सालकिनच्या वडिलांनी, बेकताशनी, आयुष्यभर कळप चालवतच नेला होता. पण यंदा त्यांचा गुडघा मुरगळला होता आणि थोरला मुलगा रशियात बांधकामावर.

"यंदा आपणही ट्रक सांगू," ते म्हणाले होते.

"मी नेते," सालकिन म्हणाली होती.

बेकताशनी चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "ने. एकही जनावर न गमावता वर आणलंस तर ही वाट आपल्या घरात राहील. एक जरी गेलं, तर पुढल्या वर्षीपासून ट्रक. मग त्यावर बोलायचं नाही."

ते स्वतः तंबूसकट ट्रकनं पुढे गेले. निघताना त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. पण गावातले बाकीचे हसले. पोरगी शहरातून परत आली ती डोकं तिथंच विसरून आली, असं कुणीतरी म्हणालंही.

सालकिननं ते ऐकलं होतं. म्हणूनच निघायच्या सकाळी तिनं आईचं मखमली जाकीट घातलं. चांदीच्या बटणांचं, लग्नकार्याला घालायचं. पूर्वी स्थलांतराला बायका अशाच नटून निघत.

"कुणासाठी एवढं?" दामिरानं विचारलं होतं.

"गवतासाठी."

दुसऱ्या दिवशी ट्रक वरून खाली आला, रिकामा, खडखडत. कळपाच्या कडेला येऊन सावकाश झाला. हॉर्न वाजला नाही.

"अजून इथंच?" कुबातनं खिडकीतून विचारलं. "काल सोडलं तिथून ही टेकडी तेवढी ओलांडलीत."

"हो. चांगली टेकडी आहे. तुम्ही पाहिलीत का?"

"रोज बघतो."

"तिच्यावर कुठल्या रंगाची फुलं आलीत?"

तो डोकं खाजवून म्हणाला, "माझं कोकरू कसं आहे?"

"तुमचं? ते तुमचं कधी झालं?"

"मांडीवर घेतलं की आपलंच."

"मग गावातली निम्मी पोरं तुमची म्हणायची. सगळ्यांना मांडीवर घेऊन स्टिअरिंग फिरवायला देता म्हणे."

"माझी चौकशी केलीत?"

"दामिरा जेंगे सांगते. न विचारता."

"बरं आहे," कुबात हसला. "मला तर विचारूनच कळलं. सालकिन. म्हणजे गार वारा. अंगाशी आला की माणूस शहारतो, पण खिडकी लावून घ्यावीशी वाटत नाही."

गिअर टाकून तो गेला. दामिरा मेंढ्यांकडे बघत म्हणाली, "पिवळी."

"काय?"

"टेकडीवरची फुलं. तूही आत्ता खाली मान घालून चालली होतीस, म्हणून सांगितलं."

असं सुरू झालं. तिचा एक दिवस म्हणजे त्याच्या जाता-येता चार गाठी. गाठ म्हणजे तरी काय... खिडकीतून दोन वाक्यं, कधी नुसता वर केलेला हात. पण सालकिनला आता तो आवाज दुरून ओळखू यायला लागला. दरीत तिसऱ्या गिअरची घरघर आली की घोडा कान टवकारायचा. घोडाच, असं ती दामिराला सांगे.

एकदा त्यानं बोरसोक आणले, आईनं तळलेले पिठाचे गोळे, कागदात गुंडाळून. बदल्यात तिनं त्याला रानकांद्याची पात दिली, आणि म्हणाली, "चावून खा. गिळू नका." तो चावत राहिला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले.

"तिखट आहे!"

"चव लागली ना? मग झालं."

"तुम्ही शहरात होतात म्हणे. शिवणाच्या कारखान्यात. मग इथं या मेंढ्यांच्या मागे...?"

सालकिननं घोड्याच्या आयाळीतून बोटं फिरवली.

"दोन वर्षं मी डावे खिसे शिवले," ती म्हणाली. "विजारीचे. फक्त डावे. उजवे शेजारची शिवायची. पूर्ण विजार मी कधी पाहिली नाही. जेवण उभ्यानं. एका दुपारी आईचा फोन आला, काय जेवलीस गं? आणि मला आठवेना. हातात डबा होता, नुकताच रिकामा झालेला, आणि मला आठवेना की त्यात काय होतं. त्या दिवशी मी ठरवलं. आई गेली त्याच वर्षी, पण मी परत आल्याचं तिनं पाहिलं."

इंजिन चालू होतं. कुबातनं हात पुढे करून ते बंद केलं.

"काय जेवलीस आज?" त्यानं विचारलं.

"'तू' म्हणालास!" मागून दामिरा ओरडली. "ऐकलं मी! 'तुम्ही'वरून 'तू'वर आला! सालकिन, लगाम घट्ट धर!"

कुबात कानापर्यंत लाल झाला. सालकिन हसली आणि तिनं बोटांवर मोजून सांगितलं, सावकाश, एकेक घास आठवत. "सकाळी साय आणि भाकरी. भाकरीची कड करपलेली होती, ती मला आवडते. मग चहा, दुधाचा, मीठ घातलेला. मग एक सुकं जर्दाळू, ते आंबट निघालं. आणि आत्ता तुझ्या आईचे बोरसोक. तुपात तळलेले, तेलात नाही."

"मी अर्धे खाल्ले वाटेत," कुबात म्हणाला. "तुपातले होते हे मला कळलंच नाही."

त्या दिवशी जाताना त्यानं एक गोष्ट विचारली. "एवढ्या उशिरा पोचायची लाज नाही वाटत? सगळे बसलेले असतात, तंबू उभे, आणि तुम्ही शेवटी धुळीनं माखून..."

"लाज?" सालकिन ताठ बसली. जाकिटाची बटणं उन्हात चमकली. "शेवटी येणाऱ्याचं एरुलुक असतं. आधी बसलेल्यांनी मागून आलेल्याला पहिलं जेवण घालायचं. एकेक तंबू बोलावतो. आम्ही सगळ्यांच्या मागून जातो, म्हणून आम्हाला सगळे जेवायला घालतात. तू कधी जेवलास एरुलुक?"

कुबातनं वर खिंडीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "मी सामान उतरवतो आणि वळतो. आठ वर्षं झाली, शेकडो वेळा वर गेलो असेन... पण असं बघ, मी तिथं कधी पोचलोच नाही."

तो हसत म्हणाला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

खिंडीच्या अलीकडे हवा फिरली. आधी ढग दरीत उतरले, मग पाऊस, मग पावसाचा बर्फ झाला. ओला, जड, तिरका. मेंढ्यांनी एकमेकींच्या पोटाखाली डोकी घातली. सालकिननं काळ्या कोकराला जाकिटात घेतलं. पुढे ओढा होता, त्याच्या पलीकडे खिंड, आणि खिंडीपलीकडे कुरण. पण ओढ्याचा आवाज काल होता तो आज नव्हता. आज तो गुरगुरत होता.

वरून दोन दिवे आले. रिकामा ट्रक.

"चढव सगळं!" कुबातनं उडी मारली, खाली येऊन मागचं फळकूट पाडलं. "दोन खेपा. पैसे नकोत. संध्याकाळपर्यंत सगळे वर असाल, कोरडे."

दामिराचे ओठ निळे पडले होते. "सालकिन," ती म्हणाली, "तो बरोबर बोलतोय गं."

ट्रकचं ते फळकूट सालकिनला घराच्या उंबऱ्यासारखं दिसलं. एक पाय टाकला की झालं. आणि एक पाय टाकला की ही वाट संपली, बाबांच्या शब्दानं, कायमची.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"खालचं गवत खाल्लेल्या मेंढ्या एकदम वर टाकल्या की पोटं फुगतात. गवत जसं वर चढतं तशी मेंढी चढली पाहिजे."

"ते मला माहीत आहे! अर्धा दिवस उरलाय तुझा, अर्ध्या दिवसानं काय फुगतंय? खरं सांग... कुणाला दाखवायचंय तुला?"

"कुणाला नाही!" तिचा आवाज फुटला. "मला हवंय. एवढंच. बाबा म्हणाले, एकही न गमावता चालवत आणलंस तर वाट राहील. ही वाट मला हवी आहे, कुबात. मी एकदा सगळं पटपट करून बघितलंय. त्यात मीच नव्हते."

बर्फ तिच्या पापण्यांवर वितळत होता. कुबातनं फळकूट उचलून धाडकन लावलं, ट्रकमध्ये चढला, आणि ट्रक वळवून पुन्हा वर निघून गेला.

"गेला," दामिरा म्हणाली. "रागावून."

"जाऊ दे."

पण ओढ्यापाशी पोचल्या तेव्हा ट्रक तिथं होता. पाण्यात. ओलांडायच्या जागेच्या जरा वर, प्रवाहाला आडवा, चाकं बुडालेली. पाणी त्याच्या अंगावर आदळून दोन्ही बाजूंनी फाटत होतं, आणि त्याच्या सावलीत, खालच्या अंगाला, एक संथ पट्टा तयार झाला होता. मेंढीच्या गुडघ्याएवढा. कुबात टपावर उभा होता, हातात दोरी.

"ये!" तो ओरडला. "सावकाश! मला घाई नाही!"

सालकिनला हसू आलं का रडू, तिला कळलं नाही. तिनं घोडा पाण्यात घातला, मागून कळपाला वाट दाखवणारी म्हातारी बकरी, आणि बकरीच्या मागून मेंढ्या, एकेक, एकेक. त्याला फार वेळ लागला. मेंढ्यांना ढकलता येत नाही. एकीला पटलं की दुसरीला पटतं. मधे दोन कोकरं पट्ट्याबाहेर वाहू लागली, तेव्हा कुबातनं टपावरून उडी मारली आणि कमरेएवढ्या पाण्यात एकेका काखेत एकेक धरून आला. वरून त्याचा फोन वाजत होता, वाजत होता. खाली गावात कुणीतरी सामान बांधून त्याची वाट बघत होतं.

शेवटची मेंढी पलीकडे चढली. कळप अंग झटकत होता. कुबात थंडीनं कुडकुडत तिच्या घोड्यापाशी आला.

"मोज," तो म्हणाला.

तिनं मोजल्या. दोनदा. सगळ्या होत्या.

"आज पहिल्यांदा तुझा ट्रक मला आवडला," सालकिन म्हणाली. "उभा होता म्हणून."

त्यानं ओल्या हातानं तिच्या रिकिबीवरचा बर्फ पुसला. नुसताच. पुसायची काही गरज नव्हती. मग तो पाण्यात परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन पडलेलं असताना, कळप सारी-बुलाकच्या कुरणावर उतरला. पांढरे तंबू कधीचे उभे होते. लोक बाहेर आले. आधी पोरं, मग बायका, मग शारशेन आजोबा, सगळ्यांत वयस्कर, काठी टेकत. सालकिन पुढे होती. आईचं जाकीट चिखलानं माखलं होतं, एक बटण तुटलं होतं, आणि ती अशी ताठ बसली होती की कुणालाही वाटावं, चिखल हाच तिचा दागिना आहे.

बेकताशनी लंगडत लंगडत सगळा कळप पाहिला. प्रत्येक जनावराच्या पाठीवर हात ठेवला. मग मुलीसमोर येऊन उभे राहिले.

"ओढ्यावर ट्रकची मदत घेतलीस म्हणे."

"घेतली, बाबा. उभ्या ट्रकची."

म्हाताऱ्याच्या मिशीत काहीतरी हललं. "मेंढ्या भरल्यात," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ट्रकनं आलेल्यांच्या बघा आणि माझ्या पोरीनं आणलेल्या बघा. वाट आमच्या घरात राहिली."

त्या आठवड्यात सालकिन आणि दामिरा तंबूतंबूत एरुलुक जेवल्या. गरम मटण, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस, साय, नवं लोणी. ज्यांनी गावात हसून घेतलं होतं त्यांनीच मांसाचा मानाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. ती प्रत्येक घास चावून खात होती, आणि तरी कुबातच्या आईच्या तंबूत तिचं लक्ष दाराकडेच लागलं. कारण वाढायला आई एकटीच होती.

"त्याचं काही समजेना," आई म्हणाली. "त्या दिवशीच्या खेपा चुकल्या, लोक बोलले. कुबातला आळस चढला म्हणाले. मग ऐकते, ट्रक भावाला देऊन टाकला आणि निघाला म्हणून. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही."

सालकिनचा हात वाटीवर थांबला. तिला आपल्या भावाची आठवण झाली. तोही असाच एका सकाळी निघाला होता, रशियाला. जाणारे सगळे तिकडेच जातात.

'माझ्यामुळे त्याचं नाव गेलं,' तिच्या मनात आलं. 'आणि मी त्याला साधं धन्यवादही म्हटलं नाही. ट्रकचं कौतुक केलं.'

दिवस गेले. दरीतून ट्रक येत होते, पण घरघर वेगळी. काळं कोकरू आता बरं झालं होतं, लंगडत नव्हतं.

"वाऱ्याला कान लावून किती बसशील?" दामिरानं विचारलं.

"मी घोडीचं दूध काढतेय."

"घोडी तिकडे आहे, बाई."

एका दुपारी पोरं ओरडत आली. खिंडीतून कुणीतरी चालत येतंय! चालत! गाडी बंद पडली असणार! लोक तंबूंबाहेर आले आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. एक माणूस आणि एक गाढव. गाढवाच्या पाठीवर गुंडाळलेला नमदा, आणि त्यावर बांधलेली काळी किटली, प्रत्येक पावलागणिक ठण् ठण् वाजणारी. माणूस मधेच थांबायचा. वाकून काहीतरी बघायचा. पुन्हा चालायचा.

"अगं बाई," दामिरा म्हणाली, "हा तर..."

सालकिननं चरवी खाली ठेवली.

कुबात आला. बूट फाटलेले, नाक सोललेलं, अंगभर धूळ. तो आईकडे गेला नाही. सगळ्यांसमोर मधोमध उभा राहिला आणि शारशेन आजोबांना वाकून सलाम केला.

"आजोबा, मी कोच केलाय. घर हलवून आलोय. सगळ्यांच्या शेवटी."

हशा उसळला. एक जण म्हणाला, "एक गाढव नि एक किटली, हा कसला कोच? ट्रक बुडाला काय रे?"

"ट्रक ठणठणीत आहे. यंदा भाऊ चालवतोय. पुढल्या वर्षीपासून माझ्या खेपा निम्म्या. जड सामान आणि म्हातारी माणसं तेवढी नेईन." तो थांबला. "पण मला एकदा पोचायचं होतं."

शारशेन आजोबांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. गाढवाकडे पाहिलं. काठीनं किटलीवर टकटक केलं.

"अंथरूण आहे?"

"आहे."

"किटली आहे. पायाला धूळ आहे. वाटेत चूल मांडलीस?"

"रोज, आजोबा."

"मग हा कोचच." म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली. "आधी बसलेल्यांवर याचं एरुलुक लागू. पहिलं कोण घालणार?"

कुबातची आई रुमाल सावरून पुढे यायला निघाली, पण दामिरानं तिचा हात हळूच धरला. कारण सालकिन आधीच चालू लागली होती. दोन्ही हातांत कुमीसनं भरलेली लाकडी वाटी, आणि मान अशी उंच की पाऊल कुठे पडतंय हेही दिसू नये.

"आमचं," ती म्हणाली. "पहिलं एरुलुक आमचं."

बेकताशनी खोकून दुसरीकडे पाहिलं.

कुबातनं वाटी घेतली. एक घोट घेतला, तोंडात ठेवला, मग गिळला.

"आंबट," तो म्हणाला. "मग थोडा धूर. जुनिपरचा. वाटी धुरावलीय."

"आणि टेकडीवरची फुलं?"

"पिवळी होती, पण सुकली आता. मी पोचलो तेव्हा निळी आली होती. आणि ओढ्याच्या अलीकडे, खडकाखाली एक झरा आहे, सालकिन. आठ वर्षं त्याच्या शेजारून जातोय. इंजिनच्या आवाजात कधी ऐकूच आला नाही. मी तिथं एक अख्खी दुपार बसलो." त्याचा आवाज खाली आला. "तुला सांगायचं म्हणून बसलो. मग लक्षात आलं... जे जे बघतोय ते सगळं तुला सांगायचं म्हणूनच बघतोय."

सालकिनच्या पायाशी काळं कोकरू येऊन उभं राहिलं होतं, आणि मागून त्याची आई, संशयानं मान पुढे काढून. कुबात गुडघ्यावर बसला, हात पुढे केला. मेंढीनं त्याची बोटं हुंगली. एकदा. पुन्हा एकदा. आणि निवांत बाजूला होऊन गवत खाऊ लागली. कोकरू त्याच्या मांडीवर चढलं.

"बघ," कुबात म्हणाला. "आईला चालतंय."

"मेंढ्या भोळ्या असतात."

त्यानं खाली बसूनच तिच्याकडे तळहात धरले. "मग तू बघ."

सालकिन वाकली. त्याचे हात हातात घेतले आणि नाकापाशी नेले, सावकाश, डोळे मिटून. जशी ती भाकरी हुंगते, नवी लोकर हुंगते. धूर. रानकांदा. गाढव. ओला दगड. आणि तळाशी, अगदी तळाशी...

"थोडा डिझेलचा आहे अजून," ती म्हणाली.

"तेवढा राहू दे. तुझ्या बाबांचा गुडघा दरवर्षी वर कोण आणणार?"

ती हसली. हात तिनं सोडले नाहीत.

"अगं, मग?" मागून दामिरा ओरडली. "जवळ घेणार आहेस का नाही? आम्हाला इथं उभं राहून संध्याकाळ होईल!"

"होऊ दे, जेंगे," सालकिन म्हणाली, आणि त्याला हाताला धरून उभं केलं. "आज कुणाला घाई आहे?"